रत्नागिरीची तांबडी माती : शहरात ती का नासते आणि त्याचा आपल्या विहिरीशी काय संबंध?

एप्रिल २०२३ मध्ये ‘माती परीक्षण’ हा शब्द रोज बातम्यांमध्ये होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात, बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी जागेची पाहणी सुरू झाली. गावकरी आडवे झाले, पोलिसांचा फौजफाटा आला, सोशल मीडियावर व्हिडिओ फिरले. पण त्या परीक्षणात मातीचा कस बघायचा नव्हताच. सड्यात खोल भोकं पाडून खालचा थर किती वजन पेलेल, ते त्यातून कळणार होतं.

मातीचं आरोग्य तपासणारं परीक्षण वेगळं. ते शेतकरी आणि बागायतदार करतात. शहरात ते जवळपास कुणीच करत नाही. रत्नागिरी शहरात गुंठ्याचा भाव काय चाललाय, हे कुणालाही विचारा, लगेच उत्तर मिळेल. त्याच गुंठ्यातली माती कशी आहे, हे मात्र प्लॉटच्या मालकालाही सांगता येत नाही.

मग बिघडलं कुठे? शहरात कोण शेती करतं? असा प्रश्न पडू शकतो. उत्तर मातीच्या खाली, विहिरीत आहे. ते समजण्यासाठी आधी ही माती समजून घ्यावी लागेल.

रत्नागिरीची माती वेगळी का आहे?

रत्नागिरीची तांबडी माती आणि जांभा दगड ही एकाच घरातली भावंडं. सह्याद्रीच्या काळ्या दगडावर लाखो वर्षं ऊन-पाऊस पडत राहिला. पावसाने दगडातली सिलिका, चुना, पालाश असे घटक धुऊन नेले. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजलं की तांबडं होतं, म्हणून माती तांबडी. हाच थर उघडा पडून घट्ट झाला की जांभा. कापायला मऊ आणि हवेत टणक होणारा हा दगड फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश अभ्यासकाने केरळमधल्या अंगाडीपुरमला पाहिला आणि १८०७ मध्ये त्याला ‘लॅटेराइट’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. आपण त्याचे चिरे काढून घरं बांधतो, म्हणजे नाव अगदी बरोबर बसलं.

या मातीच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

* ती पातळ आहे. सड्यावर तर कित्येक ठिकाणी वीतभरही माती नसते, लगेच कातळ लागतो.
* ती आम्लधर्मी आहे. पावसाने चुना वाहून नेल्यामुळे तिचा सामू सातच्या खाली असतो. सामू म्हणजे आम्लता मोजायचं माप. सात म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल.
* तिच्या खालचा जांभा सच्छिद्र आहे. त्यात बारीक-मोठी भोकं आणि नळ्या असतात. पाणी त्यातून भराभर खाली उतरतं.

म्हणूनच रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. जांभा पाणी पटकन घेतो आणि पटकन सोडतो. पाणी थोडं धरून ठेवायचं आणि गाळून खाली सोडायचं काम वरची माती करते. शहराला नळाचं पाणी मुख्यतः शीळच्या धरणातून येत असलं, तरी वाड्यावाड्यांतल्या विहिरी अजून वापरात आहेत. त्या विहिरींची गाळणी म्हणजे ही पातळ माती.

धोका पहिला : माती झाकली जाते

मातीचं नुकसान म्हटलं की आपल्याला विषारी रसायनं आठवतात. शहरात सगळ्यात जास्त माती मात्र सिमेंटखाली जाते.

एक साधा हिशेब करू. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर वर्षाला तीन मीटर पाऊस पडला, तर तीन लाख लिटरहून जास्त पाणी होतं. पाणी देणारे टँकर दहा हजार लिटरचे धरले, तर एका गुंठ्यावर तीस टँकर. हे सगळं पाणी पूर्वीही मुरत नव्हतं. बरंच वाहून जायचं, काही बाष्प होऊन उडायचं. पण शेणाने सारवलेलं अंगण, परसातली झाडं, पालापाचोळा यांमुळे एक वाटा जमिनीत जायचा. आता गेटपासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक आणि परसात काँक्रीट, अशी नव्या घरांची पद्धत झाली आहे. चिखल होत नाही, गाडी लावता येते, सारवायची कटकट नाही. फायदे खरे आहेत. पण पाणी थेट गटारात जातं. मग जुलैमध्ये रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि मे महिन्यात विहिरीचा तळ, या दोन तक्रारी एकाच अंगणातून निघतात.

झाकलेल्या मातीत हवा आणि पाणी जात नाही. गांडुळं, बुरशी, जीवाणू मरतात. पुढे कधी काँक्रीट फोडलं, तरी खाली उरते ती निर्जीव भुकटी.

धोका दुसरा : माती उचलली जाते

रत्नागिरी हे चढ-उतारांचं शहर. सपाट जागा कमी, त्यामुळे डोंगर कापून प्लॉट पाडायचे आणि निघालेली माती सखल भागात भराव म्हणून टाकायची, हा नेहमीचा प्रकार. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या म्हणण्यानुसार दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला एक हजार वर्षं लागू शकतात. जेसीबी तेवढी माती एका फटक्यात उचलतो.

कापलेल्या डोंगराचा धोका वेगळाच आहे. जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळट चिकणमातीचा थर असतो. जांभ्यातून उतरलेलं पाणी या थरावर अडतं. पायथा कापलेला असेल आणि पाऊस सलग पडत राहिला, तर वरचा भाग या निसरड्या थरावरून घसरतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत याच जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या पोसरे इथे दरड कोसळून माणसं गाडली गेली. मुंबई-गोवा महामार्गावरचा परशुराम घाट रुंदीकरणासाठी कापल्यानंतर दरवर्षी पावसाळ्यात बातमीत असतो. दरडीची कारणं जागेप्रमाणे बदलतात. पण उतारावरची माती आणि झाडं काढली की उताराचा आधार जातो, एवढं सगळीकडे खरं.

भराव टाकताना आणखी एक गोष्ट होते. मातीबरोबर बांधकामाचा राडारोडा, फुटक्या फरश्या, रंगाचे डबे, प्लास्टिक असं सगळं गाडलं जातं. वर छान तांबडी माती पसरली की प्लॉट तयार. तिथे पुढे कुणी भाजी लावली, तर मुळं नेमकी कशात जाणार आहेत, हे कुणालाच माहीत नसतं.

धोका तिसरा : सांडपाणी

कोकणातल्या शहरांमध्ये घरोघरी आणि इमारतीखाली सेप्टिक टाक्या असतात. टाकीतून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि मातीत मुरतं. माती पुरेशी जाड असेल, तर तिच्यातले जीवाणू हे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ करतात. निसर्गाची ही सोय उत्तम आहे, पण तिला मर्यादा आहे.

शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान १८ मीटर अंतर असावं, असं भारतीय मानक सांगतं. मोठी जुनी आवारं होती, तेव्हा हे सहज जमायचं. विहीर पुढच्या दारी, संडास परसाच्या टोकाला. आता त्याच आवाराचे चार प्लॉट होतात. प्रत्येकात टाकी, आणि शेजाऱ्याची विहीर कुंपणापलीकडे. त्यात माती वीतभर आणि खाली भोकांचा जांभा. असं पाणी गाळलं न जाताच विहिरीत पोहोचू शकतं. ते डोळ्यांना दिसत नाही. नायट्रेट आणि आतड्यांतले जीवाणू असलेलं पाणीही काचेसारखं स्वच्छ दिसू शकतं.

पूर्वी न्हाणीचं पाणी पाटाने माडाच्या आळ्यात किंवा अळवात सोडायचे. ती पद्धत शहाणपणाचीच होती. थोडं पाणी, पसरून, झाडांच्या मुळाशी जायचं. आज दहा घरांचं साबण-डिटर्जंटचं पाणी एकाच खड्ड्यात जातं, तेव्हा मातीला ते झेपत नाही.

धोका चौथा : कचरा

रत्नागिरी शहराच्या कचऱ्यासाठी साळवी स्टॉपजवळची जागा वर्षानुवर्षं वापरली गेली आहे. दांडेआडोमला नवा घनकचरा प्रकल्प करायचा विषय निघाला, तेव्हा तिथल्या ग्रामस्थांनी विरोध केला. यात कोण चूक, कोण बरोबर, यापेक्षा लोक का घाबरतात ते समजून घेऊ.

ओला आणि सुका कचरा एकत्र साठला की तो कुजून त्यातून काळं, आंबट पाणी सुटतं. कोकणातल्या पावसात ते प्रचंड वाढतं. या पाण्यात सेंद्रिय घाण असतेच, शिवाय बॅटरी, ट्यूबलाइट, रंग, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांतले धातू विरघळून येतात. कचऱ्याच्या जागेला तळाशी पाणी न झिरपणारं अस्तर नसेल, तर हे पाणी मातीतून जांभ्यात आणि जांभ्यातून उताराकडे जातं. म्हणून कचऱ्याच्या जागेची चिंता शेजारच्या गावापेक्षा खालच्या बाजूच्या गावाला जास्त असायला हवी.

यावरचा उपाय घरातूनच सुरू होतो. ओला कचरा वेगळा राहिला, तर त्याचं खत होतं. तोच प्लास्टिक आणि बॅटरीबरोबर गेला, तर विष होतं.

आणखी एक घरगुती सवय म्हणजे पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिक जाळणं. भातशेतीत भाजावळ करायची जुनी पद्धत होती, त्यात कवळं, गवत, शेण जळायचं. आज परसातल्या आगीत पिशव्या, वेष्टनं, थर्माकोल असतं. ती राख झाडाला घालणं म्हणजे खत घालणं नव्हे.

धोका पाचवा : तेल, धातू आणि बागेतली औषधं

गॅरेजसमोरच्या जमिनीवर काळं ऑइल सांडतं. मिरकरवाडा बंदरासारख्या ठिकाणी डिझेल, होड्यांचा रंग आणि खारं पाणी मातीत जातं. १ फेब्रुवारी २००० पासून भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. पण शिसं कुजत नाही, उडूनही जात नाही. जुन्या वर्दळीच्या रस्त्यांकडेला त्या काळी पडलेलं शिसं वरच्या थरात राहू शकतं. जुन्या घरांचा तेलरंग खरवडला की त्यातूनही शिसं अंगणात येतं. घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून.

इथे मातीची आम्लता आडवी येते. शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं हे धातू आम्ल मातीत जास्त सुटे होतात. सुटे झाले की मुळांत जातात किंवा पाण्याबरोबर खाली उतरतात. तांबड्या मातीतलं लोह काही धातूंना पकडून ठेवतं, हे खरं. पण सामू जितका घसरतो, तितकी ही पकड सैल होते.

शहराच्या कडेच्या आमराया प्लॉट होत आहेत, त्यामुळे बागेतली औषधंही आता शहराचा विषय झाली आहेत. हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे संजीवक पावसाळ्यात झाडाच्या मुळाशी देतात. बागायतदार त्याला ‘कल्टार’ म्हणून ओळखतात. ते महिनोन्‌महिने मातीत टिकतं, म्हणून शिफारशीपेक्षा जास्त देऊ नये असं सांगितलं जातं. पोफळीवर आणि आंब्यावर फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद, म्हणजे तांबं असतं. तेही वर्षानुवर्षं साठत जातं. बागेच्या जागी बंगला झाला, तरी मातीची आठवण पुसली जात नाही.

एक मोठा धोका टळला, तो कसा?

रत्नागिरीकरांना मातीची काळजी नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तांबं वितळवणारा स्टरलाइट कंपनीचा कारखाना इथे येणार होता. औद्योगिक वसाहतीत जागा मिळाली, बांधकामही सुरू झालं. तांब्याच्या भट्टीतून गंधकाचा वायू आणि धातूंची धूळ निघते. तो वायू पावसात मिसळला की आम्ल पाऊस, आणि इथली माती आधीच आम्ल. आंबा आणि मासळी जाईल, या भीतीने लोक रस्त्यावर उतरले. १९९३ मध्ये काम थांबलं आणि प्रकल्प तमिळनाडूतल्या थुथुकुडीला गेला.

पुढचा इतिहास देशाला माहीत आहे. २०१३ मध्ये प्रदूषणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला १०० कोटी रुपये भरायला सांगितलं. मे २०१८ मध्ये तिथल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात १३ जणांचा जीव गेला आणि राज्य सरकारने कारखाना बंद केला. तो पुन्हा सुरू करण्यासाठी कंपनीने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली.

या गोष्टीतून एक लक्षात येतं. चिमणी दिसली की मोर्चा निघतो. शोषखड्डा, राडारोडा, काळं ऑइल आणि पेव्हर ब्लॉक यांना चिमणी नसते. ते आपल्याच आवारात असतात, म्हणून त्यांच्याविरुद्ध कुणी उभं राहत नाही.

कायदा काय म्हणतो?

सरकारी कागदात माती वेगवेगळ्या नावांनी येते. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर ती जमीन असते आणि क्षेत्रफळात मोजली जाते. महसूल खात्यात ती गौण खनिज असते आणि ब्रासमध्ये मोजली जाते. परवान्याशिवाय उपसली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार दंड होतो. कृषी खात्यात ती शेतजमीन असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत तिचे १२ घटक तपासतात. त्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं येतात. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक त्यात नाहीत. शिवाय ही योजना शेतकऱ्यांसाठी आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांबाबत नवे नियम आणले. त्यानुसार संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची, मंडळाने तपासणी करायची आणि साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. ही चांगली सुरुवात आहे. मात्र खाणकाम आणि कचऱ्याच्या जागा यांना वेगळे कायदे असल्यामुळे त्या मुख्यतः या नियमांबाहेर आहेत. म्हणजे गल्लीतल्या, परसातल्या, शाळेच्या मैदानातल्या मातीचा वाली अजून ठरलेला नाही.

आपण काय करू शकतो?

* विहिरीचं पाणी तपासून घ्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि उन्हाळ्यात, असं वर्षातून दोनदा. जीवाणू आणि नायट्रेट या दोन तपासण्या तरी करा.
* माती तपासायची असेल तर नमुना नीट घ्या. आवारातल्या आठ-दहा जागी १५ ते २० सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून कडेची माती खरवडा. सगळी एकत्र मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. नुकतंच खत घातलेली जागा टाळा. सामू आणि सेंद्रिय कर्बाची तपासणी माती चाचणी प्रयोगशाळेत होते. जड धातूंसाठी वेगळी तपासणी मागावी लागते.
* भरावाच्या जागेवर लगेच भाजी लावू नका. आधी वाफा उंच करून त्यात खात्रीची माती आणि कंपोस्ट घाला. पालेभाजी आणि कंदमुळांना धोका जास्त, फळझाडांना तुलनेने कमी.
* सामू तपासून मगच चुना घाला. आम्लता कमी झाली की धातू मुळांकडे कमी जातात. कंपोस्टनेही ते बांधले जातात.
* लहान मुलांचे हात धुवा. शिसं भाजीतून जातं त्यापेक्षा धुळीतून आणि मातीच्या हातांनी जास्त जातं. घराचा जुना रंग खरवडताना खाली ताडपत्री घाला.
* अंगणाचा थोडा भाग उघडा ठेवा. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या फरशीच्या, बाकी माती. पागोळ्यांचं स्वच्छ पाणी तिथे सोडा, गटारात नको.
* नवी टाकी बांधताना शेजाऱ्याची विहीर मोजून बघा. आपली विहीर सगळेच बघतात.

शेवटी

दरवर्षी ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन असतो. २०२५ मध्ये त्याचा विषय होता ‘निरोगी शहरांसाठी निरोगी माती’. रत्नागिरीसाठी हे वाक्य घोषणेपेक्षा जास्त आहे. काळ्या मातीच्या देशावर माती हातभर खोल असते, चूक झाली तर खाली आणखी माती असते. इथे खाली कातळ आहे आणि कातळाखाली आपलं पाणी.

पुढच्या वेळी गुंठ्याचा भाव विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारून बघा : या गुंठ्यात माती किती आहे, आणि ती कुठून आणलेली आहे?